आब-ए-रू : मोडलेला चेहरा सांधणाऱ्यांची हकीकत

'अब्रू' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो फारसीतून आला हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. 'आब' म्हणजे पाणी, तेज. 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू. या अब्रूचा मुक्काम मराठी माणसाने नाकावर ठरवला. नाक कापले, नाक राहिले, नाक घासायला लावले, नाकावर टिच्चून केले. आमच्या घरांतल्या दखनी बोलीतही खानदानाची 'नाक कट गयी' असेच म्हणतात. हात तुटला तर माणूस थोटा होतो, पाय गेला तर लंगडा होतो; पण चेहरा गेला तर तो माणसांतूनच उठतो. हे शत्रूला ठाऊक होते, राजाला ठाऊक होते आणि संशयी नवऱ्यालाही ठाऊक होते. म्हणून चेहरा मोडणाऱ्यांचा इतिहास फार मोठा आहे. तो आपण वाचतो, त्यावरून भांडतोही. चेहरा सांधणाऱ्यांचा इतिहास मात्र वैद्यकाच्या पुस्तकांत पडून राहिला. तो थोडाफार येथे सांगण्याचा आमचा इरादा आहे.

हा इतिहास बहुधा एकेका थोर पुरुषाचे नाव घेऊन सांगितला जातो. एका सभेत सुश्रुताचे नाव घेऊन टाळ्या पडतात, दुसऱ्या सभेत अल्-जहरावीचे. दोघेही थोर, यात वाद नाही. पण कागद चाळताना आम्हांला वेगळेच दिसले. चेहरा हा असा विचित्र मुलूख आहे की तेथे हाड, कातडी, डोळा, दात, श्वास आणि मेंदू एका वितीच्या आत दाटीवाटीने राहतात. यांतल्या एकाचाच जाणकार असलेला माणूस तेथे एकटा गेला की काहीतरी बिघडवून येतो. विद्या पुढे सरकली ती एका कारागिराने दुसऱ्याला शेजारी बसवून घेतले तेव्हा.

सुरुवात बगदादपासून करू. खलिफा हारून अल्-रशीदचा वजीर यह्या इब्न खालिद बर्मकी याने 'मनका' नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुतसंहिता अरबीत करवून घेतली. दहाव्या शतकातल्या इब्न अल्-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये या 'किताब सुसरुद'ची नोंद आहे, आणि पुढे अल्-राझीसारखा हकीम तिचे हवाले देतो. सुश्रुतसंहितेत नव्या नाकाची कृती आहे : नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, तेवढी गालाची कातडी सोडवून वळवावी, नाकपुड्यांत नळ्या ठेवाव्यात. एका धर्माच्या विद्वानाचे ज्ञान दुसऱ्या धर्माच्या वजिराने पदरचा पैसा खर्चून आपल्या भाषेत आणावे, याचे तेव्हा कोणाला नवल वाटले नसावे. आज दोन्हीकडचे काही विद्वान ते सोयीने विसरतात.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी अंदलूसमध्ये, कुर्तुबा शहराजवळच्या मदीनत अल्-जहरा येथे, अबुल कासिम अल्-जहरावी झाला. त्याच्या 'किताब अल्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे, आणि त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्डने या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि मग कित्येक शतके युरोप त्यावर शिकला. नाक, ओठ आणि कान फाटले तर कसे शिवावेत, हे अल्-जहरावी सांगतो. जबडा मोडून दात हलले तर ते सोन्याच्या तारेने एकमेकांना बांधावेत, असे तो लिहितो. चांदी काळी पडते म्हणून सोने. कवटीचे हाड आत दबले तर भोक पाडण्यासाठी त्याने जे टोकदार हत्यार दाखवले आहे त्याला एक कडे आहे. हात जोरात पडला तरी टोक त्या कड्याशी अडावे आणि मेंदूत शिरू नये, ही त्यामागची युक्ती. आजच्या शस्त्रक्रियागृहातले कवटी भेदणारे यंत्रही हाड संपताच आपोआप थांबते. शरीररचना न शिकता सुरी धरणाऱ्यांवर मात्र तो फार चिडतो. मानेवरची गाठ कापताना धमनी तोडून रोग्याला जागीच मारणाऱ्या वैद्याची गोष्ट त्याने नाव न घेता लिहून ठेवली आहे.

आता दख्खनेत येऊ. निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा माणूस मोगलांच्या मुलखात आयुष्यभर हिंडला. औरंगजेबाच्या विजापूरच्या स्वारीविषयी तो लिहितो की मोगल छावणीतली माणसे गवत कापायला किंवा कडबा आणायला बाहेर पडली आणि विजापूरकरांच्या हाती लागली, तर ते त्यांना ठार मारत नसत, नाक कापून परत पाठवत. ही माणसे रक्ताने माखलेली छावणीत येत. मग तेथले देशी जर्राह भुवयांच्या वरची कपाळाची कातडी कापून खाली आणत, तिला पीळ देऊन नाकाच्या जखमेवर बसवत, आणि ती तेथे रुजे. अशी नाके असलेले पुष्कळ लोक मनुचीने पाहिले होते. विजापूर १६८६ मध्ये पडले. त्या लढाईवर बखरी आहेत, तवारिखा आहेत. पण नाक गेले ते सरदारांचे नव्हे, गवत कापणाऱ्यांचे, हे आम्हांला या फिरंग्याकडून कळले.

शंभर वर्षांनी पुण्यातही तेच. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा सहीचे एक पत्र छापून आले आणि सोबत एक चित्र. चित्रातला माणूस कावसजी. नाव ऐकून पारशी वाटतो, पण पत्रात तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचे म्हटले आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात तो इंग्रज फौजेचे बैल हाकत होता. १७९२ मध्ये तो पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. हा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार.

टिपूचे नाव आले की आपल्याकडे बाह्या सरसावल्या जातात, म्हणून दोन शब्द. ही हकीकत टिपूच्या शत्रूंनी छापली आणि तिचा त्यांना उपयोगही होता, हे विसरू नये. पण ती खोटी मानण्याचे काहीच कारण आम्हांला दिसत नाही. नाक कापणे ही त्या काळची शिक्षाच होती. विजापूरकरांचे वर आलेच. नेपाळात कीर्तिपूर घेतल्यावर गोरखा राजा पृथ्वीनारायण शहा याने त्या गावाच्या रहिवाशांची नाके कापवली. यात कोणाचा धर्म शोधायचा तो शोधो. कापले गेलेले सगळे गरीब होते, हे मात्र शोधावे लागत नाही.

कुंभाराची कृती मुंबईच्या इंग्रज डॉक्टरांनी, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी, डोळ्यांनी पाहिली. ती अशी. मेणाची पातळ पट्टी घेऊन उरलेल्या नाकाच्या खुंटावर नव्या नाकाचा आकार घडवायचा. मग ती पट्टी सपाट करून कपाळावर ठेवायची आणि भोवती रेघ ओढायची. मेण काढून घ्यायचे आणि रेघेबरहुकूम कातडी सोडवायची. फक्त दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त वाहते राहील. खुंटाच्या कडा ताज्या करून त्या कातडीला पीळ देत खाली आणायचे आणि कडांत बसवायचे. टाक्यांऐवजी पानाला लावतात तो कात पाण्यात कालवून कापडाच्या चिंध्यांवर लावायचा आणि पाच-सहा चिंध्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली ती पट्टी कापली की काम झाले.

मेणाचा साचा करून तो सपाट करणे ही वैद्याची बुद्धी नव्हे, घडवणाऱ्याची आहे. गोल वस्तूला सपाट कातडी किती लागेल, हे ज्याचे हात रोज चाकावर असतात त्याला शिकवावे लागत नाही. कावसजीचे चित्र काढणारा जेम्स वेल्स हा पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचीही चित्रे काढत होता. चित्रकाराचे नाव राहिले, साक्षीदारांची राहिली, रोग्याचे राहिले. कुंभाराचे नाव कोणी विचारून लिहिले नाही. ते पत्र वाचून लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढले. युरोपात त्याआधीही बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ मध्ये दंडाची कातडी वापरून नाक करण्यावर ग्रंथ लिहिला होता, पण ती विद्या मागे पडली होती. कार्प्यूनंतर कपाळाच्या कातडीच्या रीतीला जगभर 'हिंदी पद्धत' म्हणू लागले.

हिंदुस्थानात या पद्धतीला पुढेही काम कमी पडले नाही. जुनागड संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये शंभर नाकांच्या शस्त्रक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या भागात मकराणी बंडखोर कादू नाके कापीत असे. कादू कापतो आणि त्रिभुवन जोडतो, अशा अर्थाचे बोल काठेवाडात रुळले होते. नवऱ्याच्या संशयापायी नाक गमावलेल्या स्त्रिया तर एकोणिसाव्या शतकातल्या सर्जनांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांच्यासाठी लढाई घरातच होती.

इथवर प्रश्न कातडीचा होता. तोफगोळ्यांनी तो हाडांपर्यंत आणि मेंदूपर्यंत नेला. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढले की गोळी किंवा लोखंडाचा तुकडा थेट तोंडावर येई. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हॅरॉल्ड गिलीज हा कान-नाक-घशाचा डॉक्टर १९१५ मध्ये फ्रान्सला गेला. तेथे त्याने व्हॅलादिए नावाच्या दंतवैद्याला मोडलेले जबडे सांधताना पाहिले. हा गृहस्थ आपल्या रोल्स-रॉईस गाडीत दातांची खुर्ची बसवून हिंडे. कातडीचे काम शिकणाऱ्या गिलीजने दंतवैद्याकडून धडा घेतला : खालचे हाड आणि दात बसवल्याशिवाय वरची कातडी कितीही चांगली शिवली तरी चेहरा पुन्हा आत बसतो. जानेवारी १९१६ मध्ये त्याला इंग्लंडात ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात वॉर्ड मिळाला. १ जुलैला सोमची लढाई सुरू झाली. दोनशे रोगी येतील अशी तयारी होती, आले दोन हजार. १९१७ मध्ये सिडकप येथे खास चेहऱ्यांचे रुग्णालय उघडले आणि तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डांत आरसे ठेवत नसत.

सिडकपला गिलीजच्या शेजारी दंतवैद्य विल्यम केल्सी फ्राय उभा असे. हाडे आणि दात त्याने पाहायचे, कातडी आणि मांस गिलीजने, अशी वाटणी होती. हेन्री टॉन्क्स हा स्वतः सर्जन असलेला चित्रकार रोग्यांची रंगीत खडूंनी चित्रे काढी, म्हणजे आधी काय होते आणि पुढे काय करायचे ते कळे. ज्यांचे चेहरे सुधारणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी लंडनच्या दुसऱ्या रुग्णालयात शिल्पकार डर्वेंट वुड धातूचे पातळ मुखवटे करून रंगवी.

या मेळ्यात भुलीच्या डॉक्टरची गोष्ट आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. तेव्हा भूल तोंडावर मुखवटा ठेवून देत. पण तोंडच मोडलेले असेल तर मुखवटा ठेवायचा कोठे? शिवाय भूल देणारा आणि सर्जन दोघांनाही तीच जागा हवी. रोगी श्वास सोडी तो ईथर सर्जनच्याच नाकात जाई. १९१९ नंतर सिडकपला आलेल्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या दोघांनी श्वासनलिकेत रबरी नळी सरकवून भूल देण्याची रीत घडवली आणि सर्जनसाठी चेहरा मोकळा केला. आज अपेंडिक्सपासून हृदयापर्यंत कोणतीही मोठी शस्त्रक्रिया असो, रोग्याच्या घशात जी नळी घालतात तिचा वंश या मोडलेल्या चेहऱ्यांशी जाऊन भिडतो.

आपली माणसे त्या युद्धात होतीच. खुदादाद खान यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर पराक्रम करून हिंदी सैनिकांतला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मार्च १९१५ मध्ये नव शापेलला हिंदी पलटणी लढल्या. पण १९१५ संपता संपता हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियात पाठवले, आणि गिलीजचा वॉर्ड उघडला तो त्यानंतर. तारखांचा हा फरक काही आठवड्यांचाच. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. तेथे चेहऱ्यांचे रुग्णालय नव्हते. वेढ्याच्या अखेरीस पोटाला अन्नही नव्हते.

हाडे कशी मोडतात हे मात्र युद्धाआधीच एका फ्रेंच सर्जनने शोधले होते. रने लफोर याने प्रेतांच्या डोक्यांवर सोटे हाणले, ती टेबलाच्या कडेवर आपटली आणि मग मांस उकलून पाहिले. ऐकायला किळसवाणे आहे. पण १९०१ मध्ये त्याने दाखवून दिले की चेहरा वाटेल तसा फुटत नाही. त्याच्या ठरलेल्या तीन रेषा आहेत. पहिलीत वरच्या दातांची कमान सुटते, दुसरीत नाकासकट मधला भाग, आणि तिसरीत अख्खा चेहरा कवटीपासून निखळतो. अपघाताच्या कागदांवर आजही 'लफोर दोन', 'लफोर तीन' असे लिहिलेले सापडेल.

तिसरी रेषा फुटली की काम मेंदूच्या दारात पोचते, आणि तेथे बराच काळ दोन खाती एकमेकांकडे पाठ करून उभी होती. मेंदूचा सर्जन जीव वाचवून मोकळा होई. चेहऱ्याचा सर्जन काही आठवड्यांनी येई, तोवर हाडे वाकडी जुळलेली असत. ही भिंत पाडण्याचे श्रेय पॅरिसजवळच्या फोश रुग्णालयातल्या पॉल टेसिए यांना जाते. त्यांचे रोगी जन्मजात व्यंगाची मुले होती; डोळे फार दूर, कवटी वेडीवाकडी. डोळ्यांच्या खोबण्या जवळ आणायच्या तर कवटी उघडून आतून हाड कापावे लागणार होते. त्यांनी मेंदूचे सर्जन जेरार गियो यांना विचारले, असे करता येईल का? गियो म्हणाले, 'का नाही?' १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत टेसिए यांनी हे काम जगापुढे ठेवले. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांत चीर द्यायची, कपाळाची कातडी पडद्यासारखी खाली ओढायची, आणि एकाच वाटेने मेंदू व चेहरा दोन्ही हाताळायचे, ही रीत त्यातून अपघाताच्या रोग्यांपर्यंत आली. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रोग्याच्या डोक्याचा सी.टी. स्कॅन झाला. त्याच दशकात स्ट्रासबर्गला शाँपी आणि सहकाऱ्यांनी जबडा छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी जोडण्याचे शास्त्र बसवले. आता त्या पट्ट्या टायटॅनियमच्या असतात. अल्-जहरावीच्या सोन्याच्या तारेचे काम त्या करतात, आणि गंजत त्याही नाहीत.

आज असा रोगी मोठ्या रुग्णालयात आला की काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण नातेवाईक बाहेर बसून 'शिवत का नाहीत अजून?' म्हणून संतापतात. सगळ्यांत आधी श्वास. मोडलेला जबडा, रक्त आणि सुटलेली जीभ यांनी माणूस गुदमरतो. मग मेंदू; आत रक्त साठले असेल तर ते काढल्याशिवाय चेहऱ्याला हात लावत नाहीत. डोळ्यांचा डॉक्टर नजर तपासतो, कारण सूज चढली की पापणी उघडता येत नाही. नाकातून पाणी गळत असेल तर ते सर्दीचे नसून मेंदूभोवतीचे असू शकते. कवटीचा तळ फुटल्याची ती खूण, आणि अशा वेळी नाक शिंकरायचे नसते. आतल्या सुजेचा जोर ओसरेपर्यंत काही दिवस थांबतात आणि मग सगळे एकत्र उभे राहतात. मेंदूचा सर्जन कवटीच्या आतल्या बाजूला, कपाळाच्या हाडावरचेच पातळ आवरण वळवून फाटलेली जागा बंद करतो. जबड्याचा सर्जन आधी दात दातांवर बसवतो, कारण दातांची जुळणी हा चेहऱ्याचा ओळंबा आहे. त्यावरून वर वर चढत गालाची, डोळ्याची, नाकाची हाडे लागतात. कातडी शेवटी.

आणि भुलीची नळी? कवटीचा तळ फुटला असेल तर नाकातून घातलेली नळी मेंदूत शिरण्याची भीती. तोंडातून घातली तर दात मिटवून पाहता येत नाहीत. म्हणजे सिडकपचाच जुना तिढा. १९८६ मध्ये स्पेनच्या अल्तेमीर यांनी तो सोडवला. नळी हनुवटीखालच्या छोट्या चिरेतून बाहेर काढायची, काम झाले की चीर शिवायची. पुष्कळ रोग्यांच्या गळ्याला भोक पाडण्याची वेळ त्यामुळे टळली.

आपल्या राज्यातला या विद्येचा दुवा पुन्हा पुण्याशीच जुळतो. डॉ. नोशीर अँटिया इंग्लंडात गिलीज यांच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर पुण्याजवळ कोंढव्याला महारोग्यांचे हात आणि बसलेली नाके दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग त्यांनी उभा केला. कुंभाराची विद्या लंडनला गेली, तेथून सिडकपला, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळाने एका पारशी डॉक्टराच्या हातून पुण्याच्या वेशीवर परत आली. तेव्हाही तिचे गिऱ्हाईक गावाबाहेर काढलेलेच लोक होते.

आता नाके कापण्याचे काम रस्त्याकडे गेले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट नसल्याने मेलेल्यांचा आकडा ५०,०२९. जे वाचतात, त्यांतल्या कित्येकांचे चेहरे वाचत नाहीत. हेल्मेटचीही कथा आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स हिजाझच्या बंडातून सुखरूप सुटला, कराची आणि मिरानशाहला नोकरी करून गेला, आणि मे १९३५ मध्ये इंग्लंडातल्या एका गावरस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडून सहा दिवसांनी मेला. त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा तरुण सर्जन होता. त्याने पुढे लष्करी मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये हेल्मेटवरचा लेख प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांना तेथे १९७३ उजाडले. आमच्या पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा तिच्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली आणि मोर्चा निघाला. जेथे नाक बसवण्याची विद्या जगाला मिळाली तेथे हे व्हावे! ईदच्या सकाळी एका गाडीवर तिघे, डोक्याला जाळीची टोपी, हे दृश्य आपल्या मोहल्ल्यांतही काही दुर्मीळ नाही. आणि हेल्मेट घेतलेच तर अर्धे घेतात. त्यात हनुवटी उघडी राहते, आणि जबडा तेथेच मोडतो.

तालुक्याच्या ठिकाणी अडचण वेगळीच आहे. सर्जन असतो, भुलीचा डॉक्टर फोनवर येतो, मेंदूवाला जिल्ह्याला, जबड्याचा त्याहून पुढे. रोगी रुग्णवाहिकेतून एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा एकेक भागच पाहिला जातो. दुसऱ्या देशांत युद्धाने जे शिकवले ते एका छताखाली आणण्याचा चांगला नमुना जॉर्डनमध्ये अम्मान येथे झाला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेने २००६ मध्ये इराकच्या जखमींसाठी तेथे रुग्णालय सुरू केले. पुढे सीरिया, येमेन, गाझा येथूनही रोगी आले. हाडाचे, जबड्याचे आणि प्लास्टिकचे सर्जन एकत्र, आणि त्यांच्याबरोबर व्यायाम शिकवणारे व मनाचा इलाज करणारे. एकेका रोग्याचा मुक्काम कित्येक महिन्यांचा असतो.

एक व्यवहाराची बाब राहिली. असा रोगी दाखल झाला की सर्जन घरच्यांकडे त्याचा जुना फोटो मागतात. नाक सरळ होते की वाकडे, गाल किती उंच, पुढचे दात कसे होते, हे त्यांना दुसरीकडून कळत नाही. आपल्या घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, या मागणीने लोक बावरतात. कोणी बुरख्यातला फोटो आणतो, कोणी आधार कार्ड पुढे करतो. आधार कार्डावरच्या फोटोत तोंड मिटलेले असते. त्यांना हसरा हवा असतो, दात दिसणारा. लग्नातला असेल तर तो न्यावा.